औषधाची रिअ‍ॅक्शन आली तर सरकारदरबारी नोंद कशी करायची?

गोळी घेतल्यावर अंगावर पुरळ उठलं, तोंड सुजलं, की घाबरून आपण पहिल्यांदा गोळ्यांचं पाकीट फेकून देतो. कृपया ते फेकू नका. आधी डॉक्टरांना गाठा, पण पाकीट जपून ठेवा. त्यावरचा बॅच नंबर पुढे फार कामाला येतो.

औषधांच्या दुष्परिणामांची देशभरातून नोंद घेण्यासाठी जुलै २०१० पासून केंद्र सरकारचा ‘फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया’ चालू आहे. त्याचं राष्ट्रीय केंद्र गाझियाबादला, औषधांच्या दर्जाचे निकष ठरवणाऱ्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. अनेकांना वाटतं की हे डॉक्टरांचं काम. तसं नाही. रुग्ण स्वतः किंवा घरचं कुणीही नोंद करू शकतं. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट यांच्यासाठी वेगळा फॉर्म आहे, रुग्णांसाठी वेगळा, आणि तो मराठीतही मिळतो. फी लागत नाही. त्रास औषधामुळेच झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारीही तुमची नाही, संशय पुरेसा आहे.

फॉर्म भरून मेडिकल कॉलेजमधल्या एडीआर (म्हणजे औषधाचे दुष्परिणाम) मॉनिटरिंग सेंटरमध्ये द्या. हे बहुतेक ठिकाणी फार्माकॉलॉजी (औषधशास्त्र) विभागात असतं, उदाहरणार्थ मुंबईत केईएममध्ये. जाणं जमत नसेल तर १८००-१८०-३०२४ या टोल फ्री नंबरवर कामाच्या दिवशी फोन करा.

चार गोष्टींशिवाय नोंद होत नाही. रुग्णाची आद्याक्षरं व वय, संशयित औषधाचं नाव, नेमका काय त्रास झाला, आणि माहिती देणाऱ्याचा संपर्क. पूर्ण नाव लिहायचं नसतं, माहिती गोपनीय राहते. डॉक्टरांची चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट हाताशी असले तर तारखा बिनचूक लिहिता येतात. सोबत चालू असलेली इतर औषधं, अगदी काढे आणि आयुर्वेदिक गोळ्यासुद्धा, जरूर लिहा. लोक नेमकं तेच सांगायचं विसरतात.

या नोंदीवरून नुकसानभरपाई मिळत नाही, डॉक्टरांवर कारवाईही होत नाही. मग उपयोग काय? पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक अ‍ॅसिडमुळे ‘ड्रेस सिंड्रोम’ ही गंभीर अ‍ॅलर्जी होऊ शकते, असा इशारा कमिशनने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी दिला. तो अशाच नोंदींच्या अभ्यासातून आला होता.