गरम हवेतून पाला, भुसा, चुरा वेगळा काढताना: सायक्लोन घ्यायच्या आधी एवढं वाचा

ज्यांच्या ड्रायरमधून वाळलेला माल गरम हवेसोबत उडत पुढे जातो आणि मग तो हवेतून परत काढून घ्यावा लागतो, त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. माल कुठलाही असो, लाकडाचा भुसा, पानांचे तुकडे, सालीचा चुरा, चोथा, काड्या. उपणताना आपण दाणा ठेवतो आणि भुसा वाऱ्यावर जाऊ देतो, इथे मात्र तो भुसाच पकडायचाय, तोही तापलेल्या, दमट, कधीकधी ठिणग्या घेऊन येणाऱ्या वाऱ्यातून, म्हणून जरा विचार करून मशीन घ्यावं लागतं.

सायक्लोन म्हणजे हवा आत गरगर फिरवून तिच्यातला माल वेगळा काढणारं, खाली निमुळतं होत जाणारं गोल भांडं. चौकशी करणारे बहुतेक जण पहिलं हेच विचारतात की तो किती व्यासाचा लागेल. व्यास आम्ही काढून देतो, ते गणित आहे. पण सायक्लोन नीट चालणार की चिमणीतून माल उडणार हे आमच्या मते व्यासापेक्षा जास्त दोन गोष्टींवर ठरतं, गॅसचं (म्हणजे ड्रायरमधून येणाऱ्या गरम हवेचं आणि वाफेचं) खरं गरम व्हॉल्यूम किती आणि माल बाहेर पडतो ते खालचं तोंड किती घट्ट.

आत नेमकं काय होतं

गॅस बाजूच्या तोंडातून गोल भिंतीला घासून आत शिरतो, गरगर फिरत खाली उतरतो, जड कण भिंतीकडे फेकले जातात आणि कोनावरून घसरत खाली येतात, गॅस मात्र तळाशी उलटा फिरून मधल्या पाइपातून वर निघून जातो. आत फिरणारा पार्ट एकही नाही. याची पहिली पेटंटं 1880 च्या दशकातली आहेत आणि मूळ आयडिया अजून तीच आहे. आत येताना गॅसचा वेग साधारण सेकंदाला 15 ते 20 मीटर ठेवतात. 10 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरचा बहुतेक माल चांगला डिझाइन केलेला सायक्लोन पकडतो, 5 मायक्रॉनच्या खालचं बरंच काही सुटतं, आणि कुणी याच्या उलट सांगत असेल तर कुठल्या मालावर टेस्ट केलीय ते जरूर विचारा.

झाडपाल्याच्या मालाची एक खोड असते, तो गोल नसतो. पानाचा तुकडा पापडीसारखा चपटा, लाकडाचा कण काडीसारखा लांब. हिशोबाची सूत्रं गोल कण धरून लिहिलेली, पण चपटा तुकडा हवेत तरंगतो, त्याच वजनाच्या गोल दाण्यापेक्षा सावकाश खाली येतो, म्हणून आम्ही नुसत्या चाळणीच्या आकड्यावर डिझाइन करत नाही. वेग वाढवला की जास्त माल पकडला जाईल असंही एका मर्यादेपर्यंतच खरं आहे, त्यापुढे भिंतीवर आपटलेला माल परत उसळून मधल्या भोवऱ्यात जातो आणि वाळलेलं पान असेल तर त्याचा चुराच होतो. म्हणजे जी धूळ पकडण्यासाठी वेग वाढवला तीच धूळ आपण आत तयार करत बसतो.

तुमचा माल मिलिमीटरमधला असेल, तुकडे अख्खे राहायला हवे असतील, तर पूर्ण सायक्लोन घेऊच नका. टँजेन्शिअल सेपरेटर नावाचा प्रकार असतो, त्यात प्रवाह भिंतीला लागून थोडासाच वळतो, माल त्या वळणावर बाहेर सरकतो आणि खाली पडतो, गॅस पुढे जातो. प्रेशर ड्रॉप, म्हणजे आत शिरताना आणि बाहेर पडताना गॅसच्या दाबात पडणारा फरक, कमी, तुकडे कमी मोडतात. बारीक धूळ त्यातून सुटणारच, तिच्यासाठी त्याच्यानंतर वेगळा सायक्लोन लावायचा. एकाच नगाकडून दोन्ही कामं करून घ्यायला गेलं की दोन्ही अर्धवट होतात.

लहान लहान सायक्लोन एकत्र बांधलेला मल्टीसायक्लोन बारीक कण जास्त चांगले पकडतो हे खरं, राखेसाठी तो छान चालतो. पण रेषा, तंतू असलेल्या मालावर आम्ही तो देत नाही. एक नळी तुंबली की तिचा गॅस बाकीच्यांतून जातो, माल जमा होतो तो खालचा हॉपर एकच असल्याने एकीतून उतरलेला माल दुसरीतून वर चढतो आणि बाहेरून काहीही कळत नाही.

गरम म्हणजे नक्की किती मोठं

ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं ताशी 10,000 घनमीटर. पण कुठल्या तापमानाला? 20 अंशाला मोजलेली तेवढीच हवा 200 अंशाला साधारण 16,100 घनमीटर होते, म्हणजे दीडपटीहून जास्त. त्यात ड्रायरमध्ये मालातलं पाणी उडालेलं असतं ते वेगळंच, 1 किलो पाण्याची 100 अंशाला जवळपास 1.7 घनमीटर वाफ होते, 150 अंशाला 1.9 च्या वर. ही वाफ हिशोबात धरायची राहून गेली की सायक्लोनच्या तोंडाशी वेग ठरवल्यापेक्षा कितीतरी जास्त निघतो आणि मग माल का मोडतोय, प्रेशर ड्रॉप एवढा का येतोय, याची चर्चा सुरू होते.

गरम गॅस पातळ होतो म्हणून त्यातून कण सहज सुटतील असं वाटतं, होतं उलटं. गॅस तापला की त्याची व्हिस्कॉसिटी, म्हणजे कणाला अडवणारा घट्टपणा, वाढते, हवेची 20 अंशाला जेवढी असते त्याच्या साधारण 1.4 पट 200 अंशाला होते, म्हणजे कणाला भिंतीकडे जाताना जास्त विरोध सहन करावा लागतो आणि त्याच वेगाला बारीक कण थोडे जास्त सुटतात. आणि घनता कमी झाल्याने त्याच वेगाला प्रेशर ड्रॉपही थंड हवेच्या साधारण 60 टक्केच दिसतो. थंड प्लांट चालवून मॅनोमीटर (दाब मोजायचं यंत्र) बघितला आणि त्यावरून गरम प्लांटचा अंदाज बांधला तर तो चुकतो तो असा. फॅनच्या मोटरचंही तसंच, गरम गॅसवर निवडलेली मोटर थंड हवेवर डॅम्पर (हवा अडवणारी झडप) पूर्ण उघडून चालू केली तर जास्त अँपिअर खेचते, म्हणून सुरू करताना डॅम्पर बंद ठेवायचा आणि गॅस तापेल तसा उघडत जायचा.

खालचं तोंड, म्हणजे एअरलॉक

एअरलॉक म्हणजे माल खाली सोडणारा पण हवा आत येऊ न देणारा नग. तक्रार सायक्लोनची म्हणून येते, बिघाड बहुतेक वेळा इथे सापडतो.

भोवऱ्याच्या मध्यभागी दाब सगळ्यात कमी असतो, आणि हा कमी दाब कोनाच्या टोकापर्यंत खाली पोचतो. फॅन सायक्लोनच्या पुढे बसवून खेचत असेल तर तिथे चांगलाच व्हॅक्यूम असतो, पण फॅन मागून ढकलत असला तरीसुद्धा टोकाशी आत हवा ओढली जाऊ शकते, हे बऱ्याच जणांना पटत नाही. खालून फट राहिली की बाहेरची थंड हवा कारंजासारखी वर येते, घसरत येणारा माल उचलते आणि सरळ मधल्या भोवऱ्यात नेऊन सोडते. गळती थोडी असली तरी नुकसान मोठं, एकूण गॅसच्या 10-15 टक्के हवा खालून आत येत असेल तर सायक्लोन नुसता एक महागडा पाइप झाला म्हणायचं. वर बॉडीच्या फ्लँजमधून तेवढीच हवा आत आली तर एवढं बिघडत नाही, म्हणून गॅस्केट बदलायला वेळ कमी असेल तर आधी खालची बदला.

रोटरी एअरलॉक, म्हणजे फिरत्या पात्यांच्या कप्प्यांतून माल खाली सोडणारा, कितीही नवा असला तरी थोडी हवा आणतोच, कारण रिकामा झालेला प्रत्येक कप्पा वर जाताना हवा भरून जातो. समजा रोटर एका फेऱ्यात 20 लिटरचा आहे आणि मिनिटाला 15 फेरे घेतो, तर ताशी 18 घनमीटर हवा नुसत्या कप्प्यांतून गेली, पात्यांच्या फटीतली गळती त्याशिवाय. म्हणून मोठा रोटर जोरात फिरवायचा आणि कप्पे जवळपास रिकामे चालवायचे हे चांगलं नाही, आणि अगदी गच्च भरायचेही नाहीत, हलक्या मालाला साधारण अर्धे भरतील असा वेग आम्ही धरतो.

आता तापमानाची गंमत. रोटर आणि बॉडी दोन्ही सारखे तापले तर फट जवळपास तेवढीच राहते. पण प्लांट सुरू होताना गरम माल आधी रोटरला तापवतो, बॉडी बाहेरून गार असते. 300 मिलिमीटरचा साध्या लोखंडाचा रोटर बॉडीपेक्षा 130 अंशांनी जास्त तापला तर व्यासात जवळपास 0.47 मिलिमीटर फुगतो, म्हणजे प्रत्येक बाजूला 0.23. फट 0.2 ठेवली असेल तर रोटर जाम. स्टेनलेसचा रोटर तर आणखी फुगतो, प्रत्येक बाजूला 0.3 च्या वर. म्हणून ऑर्डर देताना माल कुठल्या तापमानाला खाली येतो हे लिहा, नुसतं हॉट ड्यूटी लिहून भागत नाही, आणि जाम झाला म्हणून पाती ग्राइंड करून घेऊ नका, कारण मग गरम झाल्यावर चालेल पण गळतही राहील.

लांब तंतू, सालीच्या पट्ट्या असतील तर त्या पात्याच्या टोकाला आणि तोंडाच्या कडेला अडकतात. त्यासाठी तिरकी किंवा व्ही आकाराची कड असलेलं तोंड घेतात, म्हणजे पातं एकदम न आपटता कडेने कातरत जातं. तरीही अडकत असेल तर डबल फ्लॅप व्हॉल्व्ह बघा, दोन झडपा आळीपाळीने उघडतात, एक उघडी असताना दुसरी बंद, पट्ट्यांना अडकायला जागा कमी. झडपेचं सीट मात्र स्वच्छ ठेवावं लागतं, एक काडी मध्ये राहिली की तीच फट.

हॉपरमध्ये माल साठवायचा नाही. सायक्लोन हे कोठार नव्हे. लेव्हल कोनापर्यंत चढली की भोवरा तिला वरून खरवडतो आणि परत घेऊन जातो. लेव्हल स्विच लावा, साधा फिरत्या पात्याचा असला तरी चालेल.

चिकटणं आणि तुंबणं

ड्रायरमधला गॅस वाफेने भरलेला असतो. कोनाचा पत्रा दवबिंदूच्या, म्हणजे वाफेचं पाणी होतं त्या तापमानाच्या, खाली गेला की आतून घाम येतो, बारीक चुरा त्याला धरतो, मालात साखर किंवा राळ असेल तर लेप दगडासारखा होतो. वरच्या सिलिंडरला सुंदर इन्सुलेशन आणि कोन, हॉपर, एअरलॉक उघडे, असं आम्ही फार ठिकाणी बघतो, खरं तर खालीच जास्त गरज असते. फीड सुरू करायच्या आधी सिस्टिम रिकामी तापवून घ्या, बंद करताना फीड आधी थांबवा आणि एअरलॉक पूर्ण रिकामा होईपर्यंत फिरू द्या.

कोनाला हातोडीने ठोकू नका प्लीज. प्रत्येक ठोक्याचा आतून उंचवटा होतो आणि पुढच्या वेळी माल तिथेच अडकतो, मग आणखी ठोके. आणि तुंबलेला सायक्लोन मॅनोमीटरवर ओळखू येईलच असं नाही, गॅस जातच राहतो, फक्त माल खाली न पडता त्याच्यासोबत वर जातो. त्यामुळे खाली माल पडतोय का, एअरलॉकची मोटर किती करंट घेतेय, चिमणीचा रंग बदलला का, हे तिन्ही बघत राहा.

आग

वनस्पतीची सुकी धूळ पेटते, आणि हवेत उडालेली असताना स्फोटही करू शकते. 500 मायक्रॉनच्या खालचा चुरा या दृष्टीने धोक्याचा धरला जातो. गरम ड्रायरनंतर तर इंधन, हवा आणि ठिणगी तिन्ही जवळजवळ तयार असतात. वाकलेल्या डक्टमध्ये, कोनाच्या लेपात साठलेला चुरा तासन् तास आतल्या आत धुमसतो, धूर दिसत नाही, आणि मग एक निखारा सुटून पुढे बॅग फिल्टरमध्ये (धूळ गाळणाऱ्या कापडी पिशव्यांत) जातो. गॅस परत ड्रायर तापवणाऱ्या बर्नरकडे फिरवत असाल तर इंधन वाचतं, ऑक्सिजनही कमी राहतो, पण सायक्लोनमधून सुटलेली बारीक धूळ बर्नरमधून जाताना पेटते आणि ठिणग्या होऊन ड्रायरमध्ये येते, अशा सिस्टिममध्ये सेपरेटर स्वस्तात उरकायचा विचारही करू नका.

स्फोटाचा व्हेंट (स्फोटाचा दाब बाहेर सोडणारं तोंड), ठिणगी ओळखणारा सेन्सर, अर्थिंग, हे तुमच्या मालाच्या धुळीची टेस्ट करून ठरवायचं, अंदाजाने नाही. व्हेंटचं तोंड माणसं ये-जा करतात तिकडे नको. आणि जळका वास आला, बाहेरचा पत्रा एका ठिकाणी जास्त तापलेला वाटला, तर इन्स्पेक्शन दार उघडून बघायचं नाही. दार उघडलं की ताजी हवा आत जाते, साठलेला चुरा उडतो, आणि नेमका तोच क्षण स्फोटाचा असतो. फीड थांबवून तुमच्या प्लांटच्या ठरलेल्या क्रमाने बंद करा. तो क्रम कागदावर नसेल तर मशीन चालू करायच्या आधी लिहून घ्या, आम्ही बसून मदत करू.

सायक्लोननंतर बॅग फिल्टर लावायचा असेल तर

सायक्लोनने जड माल काढला की उरलेली धूळ बॅगने पकडायची, ही जोडी चांगली. कापड तापमान बघून घ्या, पॉलिएस्टर सतत 130 अंशाच्या आसपास थांबतं, मेटा-अरामिड साधारण 200, पीटीएफई आणि ग्लास फायबर 260 पर्यंत. दमट गरम गॅसमध्ये पॉलिएस्टर याहून कमी तापमानालाही हळूहळू कुजतं, तेव्हा फक्त आकडा बघून आनंद मानू नका. पाण्याचा स्क्रबरही धूळ पकडतो आणि आगीची भीती कमी करतो, पण नंतर चिखल कुठे टाकायचा तो प्रश्न तुमच्याकडे राहतो.

कोटेशन मागताना

गॅसचं तापमान सायक्लोनच्या तोंडाशी किती, तेवढ्या तापमानाला व्हॉल्यूम किती, ताशी किती पाणी उडतं, ताशी किती सुका माल येतो, फॅन आधी आहे की नंतर, एवढं पाठवा. मालाचा नमुना ड्रायरमधून बाहेर आलेला हवा, कच्चा नको, कारण वाळल्यावर तो वेगळाच वागतो. साधारण 2 किलो, हवाबंद पिशवीत, आणि चाळून पाठवू नका, सर्वात लांब रेषा आणि सर्वात बारीक धूळ दोन्ही आम्हाला बघायची असतात. जुना सायक्लोन बदलायचा असेल तर त्याच्या खालच्या एअरलॉकचा फोटो आतून काढून पाठवा, मशीन बंद, थंड आणि मोटरची लाइन काढून लॉक केलेली असतानाच. बऱ्याचदा तो फोटो बघून आम्ही सांगतो की सायक्लोन ठेवा, फक्त खालचा नग बदला.