श्रम अर्थशास्त्र म्हणजे कामगार कायदा नव्हे

एम.ए.ला श्रम अर्थशास्त्र घेतलं की पणजीत अजून विचारतात, "म्हणजे युनियन आणि कामगार कायदे ना?" नाही. कायदा हक्क सांगतो. हा विषय वेतन कसं ठरतं, काम कोणाला मिळतं आणि का, हे तपासतो. त्यासाठी सांख्यिकी पक्की लागते.

बेकारीचा दरच घ्या. २०१२ साली गोव्यातल्या खाणी थांबल्या. समजा, डिचोलीतल्या एका ट्रकचालकाने हताश होऊन काम शोधणं सोडलं, मिळालं तरी करायची तयारी उरली नाही. मग तो श्रमशक्तीबाहेर, म्हणजे काम करणारे आणि कामाच्या शोधात किंवा तयारीत असलेले यांच्या गणतीबाहेर जातो, बेकारांत मोजला जात नाही. दर उतरतो, चूल मात्र पेटत नाही. शिकताना मला सगळ्यात जास्त हेच टोचलं.

किमान वेतन वाढलं की नोकऱ्या जातातच, हेही गृहीत धरत नाहीत. अर्थतज्ज्ञ कार्ड आणि क्रूगर यांच्या १९९४ च्या अभ्यासात अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या फास्ट फूड दुकानांत किमान वेतन वाढूनही रोजगार घटलेला दिसला नाही.