नातवंडांची पोटगी : आजी-आजोबा देणेकऱ्यांच्या यादीतून दावेदारांच्या रांगेत

अमेरिकेत नातवंडं सांभाळणाऱ्या आजी-आजोबांना मुलाच्या आई आणि वडील, दोघांकडूनही पोटगी मागता येते. कायद्याची सुरुवात मात्र नेमकी उलट्या टोकाला झाली. इंग्लंडच्या १६०१ च्या गरीब कायद्यात आजी-आजोबा होते ते देणेकऱ्यांच्या यादीत. ऐपत असेल तर निराधार नातवाला त्यांनी पोसायचं, गावावर भार टाकायचा नाही. हाच कायदा अमेरिकेतल्या वसाहतींना नमुना झाला.

१९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने त्यांना दुसऱ्या बाजूला आणलं. आश्रित मुलांच्या मदत योजनेत मूल कोणाकडे राहिलेलं चालेल याची यादी होती. त्यात आई-वडिलांच्या पाठोपाठ आजोबा-आजी. पैसा सरकारी तिजोरीतला. पळून गेलेल्या बापाकडून वसुली करणं हे तेव्हा राज्यांचं काम होतं.

केंद्र त्यात खऱ्या अर्थाने उतरलं ते १९७५ मध्ये, राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी सही केलेल्या कायद्याने. केंद्र आणि राज्यांची मिळून पोटगी वसुलीची यंत्रणा उभी राहिली. त्यामागे मुलांच्या कळवळ्याइतकाच तिजोरीचा हिशेब होता. मदत हवी असेल तर पोटगीचा हक्क राज्याच्या नावे करून द्यायचा आणि वसुलीला सहकार्य करायचं, अशी अट आली. अट लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नवऱ्याने टाकलेली बाई असावी. आजीला मात्र त्याच अर्जावर पोटच्या लेकीचा पत्ता आणि नोकरीचं ठिकाण लिहून द्यावं लागतं. नोटीस पोचली की लेक रागाने मूल उचलून नेईल, ही धास्ती वेगळीच. ताब्याचा न्यायालयीन आदेश नसेल तर तिला अडवणार कशाच्या जोरावर? सबळ कारण दाखवलं तर सहकार्यातून सूट मिळते, पण घरातली ओढाताण त्यात बसेलच असं नाही.

वसूल झालेल्या रकमेतून राज्य मदतीचा खर्च वळता करून घेतं. १९८४ मध्ये महिन्याचे पहिले ५० डॉलर कुटुंबाला देणं राज्यांवर बंधनकारक झालं. १९९६ च्या कायद्याने ते बंधन उठलं. त्याच कायद्यात १६०१ ची सावलीही सापडते. मुलाचे आई-बापच अल्पवयीन असतील आणि मूल सांभाळणारी आई सरकारी मदत घेत असेल, तर दुसऱ्या बाजूच्या आजी-आजोबांकडून वसुली करण्याची मुभा राज्यांना मिळाली. म्हणजे एका घरची आजी दावेदार, दुसऱ्या घरची देणेकरी!

२००८ मध्ये आणखी एक वाट निघाली. कायदेशीर पालकत्व घेणाऱ्या नातेवाइकांना दरमहा रक्कम द्यायला राज्यांना केंद्राचा निधी मिळू लागला, पण फक्त आधी सरकारी देखभालीत गेलेल्या मुलांसाठी. लेकीने परस्पर आजीकडे आणून सोडलेलं मूल त्यात बसत नाही. त्याच्यासाठी सरकारी मदतीचा अर्ज करायचा, नाहीतर मदत न घेता थेट वसुली यंत्रणेकडे जायचं. तसं गेल्यास पोटगीवर राज्य हक्क सांगत नाही.