ईव्हीची सरकारी सवलत आणि विम्यातली सवलत: दोन्ही एक नव्हेत

इलेक्ट्रिक गाडीचं कोटेशन हातात पडलं की ‘सवलत’ हा शब्द तीन ठिकाणी भेटतो: जीएसटीपाशी, आरटीओपाशी आणि खाली इन्शुरन्सपाशी. आपण मनातल्या मनात सगळ्याची एकच मोट बांधतो. सरकार ईव्हीला सूट देतं, म्हणजे विमाही स्वस्तच असणार! गफलत होते ती इथेच.

सरकारी सवलत गाडी विकत घेण्याशी आणि रस्त्यावर आणण्याशी जोडलेली आहे. गाडी धूर सोडत नाही, एवढंच तिथे बघतात. सगळ्यात मोठा वाटा जीएसटीचा. १ ऑगस्ट २०१९ पासून ईव्हीवर तो १२ वरून ५ टक्क्यांवर आला. मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा दरही २८ वरून १८ टक्क्यांवर उतरला, त्यामुळे दोघींमधली दरी पूर्वीइतकी रुंद राहिलेली नाही. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक चारचाकींना टोलमाफी आहे. रोज पुण्याहून मुंबई गाठणाऱ्याला ही माफी इतर सवलतींपेक्षा जास्त जाणवेल.

‘फेमचे पैसे कधी मिळतात?’ असं अजूनही विचारलं जातं. फेम म्हणजे ईव्हीच्या खरेदीवर अनुदान देणारी केंद्र सरकारची योजना, फेम-२ हा तिचा दुसरा टप्पा. घरच्या वापराच्या कारला फेम-२ मधून पैसे मिळतच नव्हते. चारचाकींपुरती ती योजना टॅक्सीसारख्या व्यावसायिक गाड्यांसाठी होती आणि ती ३१ मार्च २०२४ ला संपलीही. त्यानंतर आलेल्या पीएम ई-ड्राइव्हमध्ये तर खासगी कार नाहीच. आयकरातलं ८०ईईबी, म्हणजे कर्जाच्या व्याजावरची दीड लाखापर्यंतची वजावट, ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच लागू आहे. सरकारी सवलतींना अशी तारीख चिकटलेली असते. त्यामुळे मेहुण्याला तीन वर्षांपूर्वी काय मिळालं, हे आज आपल्या फारसं कामाचं नाही.

विम्याचा हिशेब निराळा आहे. धूर निघतो की नाही याच्याशी विमा कंपनीला कर्तव्य नसतं. ठोकली तर भरपाई किती द्यावी लागेल, हे ती बघते. पॉलिसीत दोन भाग असतात: थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान, आणि ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीचं. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं आणि ईव्हीला १५ टक्के सूट आहे ती याच भागात. ओन डॅमेजचा दर कंपनीचा स्वतःचा. तिथे ईव्हीच्या हिरव्या नंबरप्लेटकडे बघून कुणी काही कमी करायला बांधील नाही.

ही १५ टक्क्यांची सूटही नीट उलगडून बघावी लागते. पेट्रोल गाडीचा थर्ड पार्टी दर इंजिनाच्या सीसीवर ठरतो, ईव्हीचा मोटारच्या किलोवॅटवर. १ जून २०२२ पासूनच्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीला वर्षाला ३,४१६ रुपये आणि १५०० सीसीच्या वर ७,८९७. ईव्हीला ३० ते ६५ किलोवॅटपर्यंत २,९०४ आणि ६५ च्या वर ६,७१२. वजाबाकी केली तर प्रत्येक पायरीवर १५ टक्के बरोबर कमी आहेत. पण आपली गाडी कुठल्या पायरीवर बसते?

२०२० ची नेक्सॉन ईव्ही घ्या. मोटार ९५ किलोवॅटची, म्हणजे थेट वरची पायरी, ६,७१२ रुपये. तिची पेट्रोल बहीण ११९९ सीसीची, तिला ३,४१६. नवीन गाडीला थर्ड पार्टी एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. तिथे हे आकडे २०,९०७ आणि १०,६४० होतात. सूट मिळूनही जवळजवळ दुप्पट! यात कुणी फसवलेलं नाही, पण ‘ईव्हीला थर्ड पार्टी स्वस्त’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. आणखी एक घोळ: जाहिरातीत ठळक छापतात ते किलोवॅट-तास, म्हणजे बॅटरीत मावणारी वीज. याच नेक्सॉनची बॅटरी ३०.२ किलोवॅट-तासांची होती. तो आकडा धरून पायरी शोधली तर हिशेब चुकलाच. मोटारची ताकद आरसी बुकात बघावी.

ओन डॅमेजमध्ये सगळं बॅटरीभोवती फिरतं. गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा तिच्यात असतो आणि ती असते गाडीच्या पोटाखाली, दगड, खड्डे आणि पावसाळी पाण्याच्या वाटेवर. क्लेमच्या वेळी घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेली किंमत, कापायचा जो जुना तक्ता आहे, त्यात रबर आणि प्लॅस्टिकच्या पंगतीत बॅटरीही बसवलेली आहे, ५० टक्क्यांना. तो तक्ता बॉनेटखालच्या बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीच्या काळातला. त्यामुळे ‘झिरो डेप घेतलंय’, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा संरक्षण घेतलंय, एवढ्यावर समाधान मानू नये. मुख्य बॅटरी त्यात धरली आहे का, पाणी शिरून ती गेली तर भरपाई मिळेल का, पार्किंगमधल्या भिंतीवरचा चार्जर पॉलिसीत येतो का, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. बॅटरीसाठी वेगळं अ‍ॅड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून घ्यायचं संरक्षण, मिळतं आणि माझ्या मते ते घ्यावंच, बाकीच्या अ‍ॅड-ऑन्सचं नंतर बघू.

आणि हो, गाडीवरचा जीएसटी ५ टक्के असला तरी तिच्या विम्याच्या हप्त्यावर तो १८ टक्केच लागतो, पेट्रोल गाडीला लागतो तेवढाच.