टीमची विकी: ही कल्पना मुळात आली कुठून

टीममधला जुना माणूस नोकरी सोडतो, शेवटच्या आठवड्यात घाईघाईने हँडओव्हर होतो, दोन मीटिंगा, एक लांबलचक मेल, आणि महिन्याभराने काहीतरी अडलं की कळतं नेमकी तीच गोष्ट कुणी लिहून ठेवलेली नाही. आमच्याकडे हे साइट सुरक्षित असल्याचं ब्राउझरला पटवणाऱ्या एका सर्टिफिकेटवरून झालं. वर्षातून एकदा ते रिन्यू करायचं असतं, ज्याला माहीत होतं तो गेलेला, आणि साइट बंद पडल्यावर आम्ही सगळे जुने मेल उपसत बसलो, शेवटी त्यालाच फोन लावला. त्यानंतर टीमची विकी, म्हणजे टीममधल्या कुणालाही पानं वाचता आणि तिथेच बदलता येतील अशी साइट, सुरू केली, आणि तेव्हाच हे विकी प्रकरण कुठून आलं ते मी शोधत गेलो. विकी कशी सुरू करावी याचं बरंचसं उत्तर तिच्या जन्माच्या गोष्टीतच आहे असं मला तेव्हापासून वाटतं.

गंमत म्हणजे आख्खं वेबच याच दुखण्यातून निघालंय. मार्च १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत एक प्रस्ताव लिहिला, त्यात अडचण हीच मांडली होती की इथे हजारो लोक काम करतात, बरेचजण साधारण दोन वर्षं राहतात आणि जातात, मग माहिती सतत हरवत राहते, आणि नवीन माणसाला काय कुठे आहे हे विचारत फिरावं लागतं. कधीकधी माहिती लिहिलेली असते पण वेळेला सापडत नाही. त्यांचे वरिष्ठ माइक सेंडॉल यांनी त्या कागदावर 'अस्पष्ट, पण उत्साह वाढवणारं' अशा अर्थाचा शेरा मारला, तो आता फारच प्रसिद्ध आहे. १९९० मध्ये बर्नर्स-ली यांनी जो पहिला ब्राउझर बनवला त्यात पान वाचता यायचं तसंच तिथेच बदलताही यायचं. पण १९९३ मध्ये आलेला मोझेइक, ज्याने वेब घराघरात नेलं, तो फक्त वाचायचा ब्राउझर होता. त्यामुळे लिहिणारे थोडे आणि वाचणारे सगळे अशी सवय पडून गेली.

ती सवय मोडली वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रामरने. १९८० च्या दशकाच्या शेवटी टेक्ट्रॉनिक्स कंपनीत असताना त्यांनी अ‍ॅपलच्या हायपरकार्ड या प्रोग्राममध्ये कार्डांचा एक गठ्ठा केला होता, कंपनीत कोण माणसं आहेत, कोणते प्रोजेक्ट चाललेत, कोणत्या कल्पना फिरतायत, सगळं एकमेकांना जोडलेलं, आणि ज्याचं कार्ड नाही त्याचं तिथल्या तिथे नवीन कार्ड बनवता यायचं. हीच युक्ती त्यांनी २५ मार्च १९९५ ला वेबवर आणली, पर्ल भाषेत लिहिलेला छोटासा प्रोग्राम, प्रोग्रामर मंडळींनी आपापले डिझाइनचे अनुभव एकत्र लिहावेत म्हणून. नाव ठेवलं विकीविकीवेब. होनोलुलू विमानतळावर एका टर्मिनलवरून दुसरीकडे नेणारी 'विकी विकी' नावाची बस होती, हवाईयन भाषेत विकी म्हणजे झटपट, ते त्यांच्या लक्षात राहिलं होतं.

त्या पहिल्या विकीतली एक बारीक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. लिहिताना दोन इंग्रजी शब्द मधली जागा न सोडता जोडले आणि दोन्हींचं पहिलं अक्षर कॅपिटल ठेवलं की त्याची आपोआप लिंक व्हायची, आणि त्या नावाचं पान अजून नसेल तर शब्दापुढे एक प्रश्नचिन्ह यायचं. प्रश्नचिन्हावर क्लिक केलं की कोरं पान उघडायचं, लिहा. म्हणजे इथे काहीतरी यायला हवं हे एकजण सांगून ठेवायचा आणि ज्याला माहीत आहे तो येऊन भरायचा. आजच्या विकींमधली लाल लिंक तीच. दुसरी गोष्ट म्हणजे अलीकडचे बदल दाखवणारं पान, लोक आधी तेच उघडायचे, त्यामुळे कुणी काय लिहिलं ते लगेच नजरेखालून जायचं आणि चूक झाली की कुणीतरी दुरुस्त करायचं.

मग विकिपीडियाचा किस्सा, तो ऑफिसवाल्यांनी तर वाचायलाच हवा. त्याआधी न्यूपीडिया हा ऑनलाइन ज्ञानकोश होता, तज्ज्ञांनी लिहायचं, सात टप्प्यांची तपासणी, आणि पहिल्या वर्षभरात जेमतेम वीसेक लेख पार पडले. १५ जानेवारी २००१ ला त्याच्याच जोडीला विकिपीडिया सुरू झाला, कुणीही लिहा, आणि वर्ष संपताना सुमारे २०,००० लेख झाले होते. मॅनेजरच्या अप्रूव्हलशिवाय पान दिसणार नाही असा नियम करणाऱ्या टीमचं काय होतं ते यातून सरळ दिसतं.

ऑफिसांत विकी शिरली ती साधारण याच काळात. १९९८ मध्ये ट्विकी आली ती कंपन्यांमधला वापर डोळ्यासमोर ठेवूनच, पुढे विकिपीडियासाठी लिहिलेलं मीडियाविकी लोकांनी आपापल्या सर्व्हरवर टाकलं, २००४ मध्ये डॉक्युविकी आणि अ‍ॅटलासियनचं कॉन्फ्लुएन्स आलं, आणि आता नोशनसारखी टूल्स आहेत. लॉगिन, परवानग्या, फाइल जोडणं, पानाचा जुना इतिहास हे सगळं हळूहळू भरत गेलं. कोणतं टूल घ्यावं यावर टीम आठवडेच्या आठवडे घालवतात, मला तो वेळ वाया गेलेला वाटतो, सर्च चांगला आणि एडिट करायला सोपं, एवढं बघावं.

पण लिहून ठेवायचं काय? इथे ज्युलियन ऑर या मानववंश-अभ्यासकाचं काम आठवतं. १९८० च्या दशकात त्यांनी झेरॉक्सच्या कॉपीमशीन दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांसोबत दिवस काढले. मॅन्युअल सगळ्यांकडे होतं, पण अवघड बिघाड सुटायचे ते एकमेकांना सांगितलेल्या गोष्टींवर, ते मशीन असं वागत होतं, मग मी हे करून बघितलं, त्याने नाही झालं, मग हे केलं. मॅन्युअलमध्ये न मावणारं हेच ज्ञान माणसाबरोबर निघून जातं.

म्हणून आम्ही सुरुवातीला रिकाम्या फोल्डरांचं झाड केलं ते नंतर काढून टाकलं, सगळे विभाग तयार पण आत काहीच नाही, कुणी फिरकतच नव्हतं. मग या आठवड्यात कुणी कुणाला काय विचारलं एवढ्याच प्रश्नांची पानं केली, उत्तर चॅटवर द्यायच्या ऐवजी पानावर लिहायचं आणि चॅटवर फक्त लिंक टाकायची. सर्टिफिकेटचं पान पहिलं झालं. वर तारीख, मग कुठे लॉगिन करायचं, मग पायऱ्या, आणि खाली 'मागच्या वेळी काय अडलं' असा भाग, त्यात सर्व्हर रीस्टार्ट करायला विसरलो म्हणून तासभर जुनंच सर्टिफिकेट दिसत होतं हेसुद्धा लिहिलंय. यंदा ते रिन्यू केलं ते टीममध्ये नवीनच आलेल्या मुलीने, पान बघून, आणि तिसरी पायरी आता बदललीय म्हणून तिने ती तिथेच दुरुस्तही केली. बॅकअपमधून डेटा परत कसा आणायचा ही त्या पानावरची लिंक अजून लाल आहे.