एकापेक्षा जास्त शाखा असणाऱ्या ग्राहकांसाठी: तुमचे फायरवॉल आम्ही एका जागेवरून कसे सांभाळतो

ज्यांच्या दोन किंवा अधिक जागा आहेत आणि सगळीकडच्या फायरवॉलची देखभाल आमच्याकडे आहे, त्यांच्यासाठी हे पत्रक आहे: तीन गावांत जिनिंग असलेले मालक, पतसंस्था, कॉलेज आणि त्याचं होस्टेल, कृषी केंद्र आणि त्याचं बायपासवरचं गोदाम. मालकांनी एकदा वाचून ते ऑपरेटरच्या टेबलावर ठेवावं, कारण यातली निम्मी कामं त्याच्याच हातची आहेत. एकच दुकान असेल तर ऊन आणि विजेबद्दलचा भाग तेवढा वाचा.

बॉक्स तिथे, चावी इथे

फायरवॉल म्हणजे तुमची इंटरनेटची लाइन आणि आतली यंत्रं यांच्या मधे बसवलेला बॉक्स. येणारी-जाणारी प्रत्येक जोडणी तो नियमांच्या यादीशी ताडून बघतो, वरून खाली. जो नियम पहिल्यांदा लागू पडला त्याप्रमाणे सोडतो किंवा अडवतो, खालचे मग वाचतही नाही. यादी संपली आणि काहीच लागू पडलं नाही, तर अडवतो. एका बॉक्सपुरतं हे सांभाळणं अवघड नाही.

चौथ्या-पाचव्या जागेनंतर पंचाईत होते. आमच्याकडे देखभालीला आलेल्या एका ग्राहकाच्या पाच जागांवर पाच वेगळ्या याद्या निघाल्या. एकीत वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरवाल्यासाठी उघडलेलं दार तसंच होतं; तो माणूस कधीचाच काम सोडून गेला होता आणि ते सॉफ्टवेअरही बदललं होतं. दुसरीत सगळ्यात वर नियम होता: कुठूनही, कुठेही, काहीही चालेल. अडचणीच्या वेळी कोणीतरी ‘तात्पुरता’ टाकला असणार. तो वर बसल्यावर खालचे बावीस नियम नुसते शोभेला. धुऱ्यावर काटे लावायचे आणि बंडीच्या वाटेचं फाटक उघडं ठेवायचं, तसंच ते.

म्हणून आम्ही केंद्रीय मॅनेजर वापरतो. मोठ्या ग्राहकांसाठी फोर्टिमॅनेजर, तो आमच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर चालतो. दोन-तीन जागांच्या ग्राहकांसाठी सोफोस सेंट्रल, ते त्या कंपनीच्या क्लाउडवर असतं. पालो आल्टोचा पॅनोरमा, सिस्कोचं फायरवॉल मॅनेजमेंट सेंटर हेही याच कामाचे. नियमांची मूळ प्रत एका ठिकाणी ठेवायची आणि तिथूनच प्रत्येक बॉक्सला पाठवायची, ही पद्धत सगळीकडे सारखीच. ‘टॅली सर्व्हर’ असं नाव एकदा नोंदवलं की प्रत्येक शाखेत त्याचा पत्ता वेगळा असला तरी नियम एकच पुरतो. कुठे कोणता पत्ता, ते मॅनेजर लक्षात ठेवतो.

आता एक तांत्रिक गोष्ट, कारण ती बऱ्याच जणांना खटकते: “तुम्ही बाहेरून आमच्या बॉक्समध्ये शिरता कसे?” आम्ही शिरत नाही. आपल्याकडे फायबर असो की सिमकार्डचा राउटर, बहुतेक ठिकाणी कंपनी तुम्हाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देतच नाही. कितीतरी ग्राहक एकाच पत्त्यामागे उभे असतात. बाहेरून हाक मारली तरी ती तुमच्यापर्यंत पोचत नाही. त्यामुळे तुमचा बॉक्सच आमच्या मॅनेजरला फोन लावतो आणि लाइन धरून ठेवतो.

लाइन तुटली तर फायरवॉल बंद पडतो का?

नाही. नियम बॉक्सच्या स्वतःच्या पोटात असतात. आमच्याशी संपर्क तुटला, आमच्या ऑफिसची लाइट गेली, मॅनेजरच बिघडला, तरी बॉक्स शेवटच्या नियमांवर काम करत राहतो. फक्त नवीन बदल पोचत नाहीत आणि आम्हाला तिथलं काही दिसत नाही. शाखांना जोडणारा व्हीपीएन (इंटरनेटवरूनच जाणारी, पण फक्त तुमची अशी बंद वाट) मात्र लाइनवरच चालतो, ती गेली की तो जातोच.

एक चूक, अकरा शाखा

हे लिहायला संकोच वाटतो, पण आमची कामाची पद्धत यावाचून कळणार नाही.

एका ग्राहकाच्या अकरा शाखा. त्यातल्या एका शाखेसाठी आम्ही एक नियम लिहिला: ५३ नंबरच्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे जोडणीचं नंबर असलेलं दार) बाहेरच्या डीएनएसकडे (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी यंत्रणा) जाऊ द्यायचं नाही, आमच्याच डीएनएसला विचारायचं. पाठवताना यादीत एका शाखेऐवजी सगळ्यांवर खूण राहिली. आमचा डीएनएस तर त्या एकाच शाखेत बसवलेला. बाकी दहा ठिकाणी राउटरचा हिरवा दिवा चालू, वाय-फाय पूर्ण, आणि एकही वेबसाइट उघडेना. वर बाजाराचा दिवस. पहिला फोन आला, “भाऊ, काहून काहीच चालून नाही राहिलं?” दुसऱ्या फोनला आम्हाला कळलं. आधीची प्रत परत पाठवायला वेळ लागला नाही, पण सगळं सुरळीत व्हायला चाळीस मिनिटं गेली, आणि ती काउंटरवरच्या पोरांनी लोकांच्या शिव्या खात काढली.

जुन्या पद्धतीत ही चूक एका शाखेपुरती राहिली असती. एका जागेवरून सगळं चालवण्याची ही दुसरी बाजू आहे, आणि कोणी विकणारा ती सांगत नाही.

तेव्हापासून आमच्याकडे नियम एक जण लिहितो आणि दुसरा पाठवतो. पाठवण्याआधी मॅनेजर जुन्या-नव्यातला फरक ओळीओळीनं दाखवतो. तो वाचल्याशिवाय बटण दाबायचं नाही, आणि कोणकोणत्या शाखांवर खूण आहे ते मोठ्यानं बोलायचं. हे ऐकायला बालवाडीसारखं वाटतं, पण उपयोगी आहे. बदल आधी एकाच शाखेत, शक्यतो आमच्या ऑफिसपासून जवळच्या, आणि अर्धा तास थांबून मग बाकीच्यांना. नवीन नियमामुळे बॉक्सचा आमच्याशी संपर्कच तुटला तर तो आपणहून जुन्या नियमांवर परततो, ही सोय चालू ठेवलेली असते. गाडीनं साठ किलोमीटर जाण्यापेक्षा ते बरं.

“दोन मिनिटांचं काम आहे, संध्याकाळपर्यंत काहून लागते?” याचं उत्तर हे आहे.

बदल सांगायचा कसा

प्रत्येक ग्राहकाकडून आम्ही एकाच माणसाचं नाव लिहून घेतो, आणि तो नसेल तेव्हासाठी दुसऱ्याचं. बदल त्याच्याच नंबरवरून, लेखी यावा. व्हॉट्सॲपचा मेसेज चालतो. काय उघडायचं, कोणासाठी, किती तारखेपर्यंत, एवढं असलं की पुरे. नुसत्या फोनवर “तेवढं चालू करून द्या ना जी” म्हटलं तर आम्ही नाही म्हणतो, आणि त्याचा राग येतो हेही माहीत आहे. पण उद्या तुमचं नाव सांगून दुसराच कोणी फोन करेल, तेव्हा आमचा हा हट्टच कामी येईल.

तारीख न लिहिलेल्या नियमाला आम्ही तीस दिवसांची मुदत घालतो. होळीनंतर दर वर्षी जुन्या नियमांची झाडलोट होते. कोणता नियम किती वेळा वापरला गेला याचा आकडा मॅनेजर देतो, पण शून्य दिसलं म्हणून लगेच उडवत नाही. ऑडिटरच्या लॅपटॉपसाठीचा नियम वर्षातून एकदाच लागतो, आणि तो नेमका उडवलेला असला की तुमचा मार्च आणि आमचा एप्रिल खराब जातो.

घरून टॅली बघायची असेल तर व्हीपीएन मागा. ३३८९ नंबरचं रिमोट डेस्कटॉपचं (दुरून यंत्र चालवण्याचं) दार थेट इंटरनेटवर उघडून आम्ही देत नाही, कोणी कितीही जवळचा असला तरी. डेटा कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या टोळ्यांची ही नेहमीची वाट आहे.

बॉक्सला दुसऱ्याला हात लावू देऊ नका

कॅमेरेवाला येतो, डीव्हीआर लावतो आणि मालकाला नागपुरातून मोबाइलवर जिनिंग दिसावं म्हणून थेट फायरवॉलमध्ये शिरून एक पोर्ट उघडून जातो. आम्हाला मॅनेजरवर ‘बॉक्स आणि मूळ प्रत जुळत नाही’ अशी खूण दिसते. पुढचा बदल पाठवला की मूळ प्रत वर बसते आणि त्याचं दार पुसलं जातं. मग फोन: “कालपर्यंत दिसत होतं, तुम्ही काय केलं?”

खरं सांगायचं तर पुसलं गेलं ते चांगलंच झालं. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या प्रोग्रामनं जगभरातले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले होते, कारण त्यांचे कंपनीतून आलेले पासवर्ड कोणी बदललेच नव्हते. कॅमेरे व्हीपीएनवरून बघता येतात. कॅमेरेवाला यायच्या आधी आम्हाला एक मेसेज करा, आम्ही त्याच्याशी बोलून घेऊ.

नवीन जागा सुरू करतानाही आधी कळवा. बाजारातले बरेच राउटर १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० या एकाच मालिकेतले पत्ते वाटतात. दोन शाखांत तीच मालिका असली की व्हीपीएनला कळत नाही कोणता प्रिंटर कुठल्या गावचा. आम्ही प्रत्येक शाखेला वेगळी मालिका देतो. आधी कळलं तर दहा मिनिटांचं काम, नंतर सगळ्या यंत्रांचे पत्ते बदलत बसावं लागतं.

सगळ्यांच्या चाव्या आमच्याकडे, मग आमच्या दाराचं काय?

हा प्रश्न फार थोडे ग्राहक विचारतात. विचारायला हवा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द फोर्टिमॅनेजरमधली एक गंभीर त्रुटी जाहीर झाली, नोंद क्रमांक सीव्हीई-२०२४-४७५७५. पासवर्ड नसलेला बाहेरचा माणूस तिच्यातून मॅनेजरवर आपल्या आज्ञा चालवू शकत होता, आणि जाहीर होण्याआधीच तिचा गैरवापर सुरू झालेला होता. वाईट म्हणजे भोक लॉगिनच्या पानात नव्हतं. बॉक्स ज्या वाटेनं मॅनेजरला फोन लावतात त्या वाटेतच होतं. त्यामुळे लॉगिनचं पान लपवून काही सुटत नव्हतं. मॅनेजरचं सॉफ्टवेअर ताजं ठेवणं आणि यादीत नसलेल्या सिरीयल नंबरच्या बॉक्सला जोडूच न देणं, या दोन गोष्टी त्यावरून आम्ही पक्क्या केल्या.

बाकी आमचे नियम असे: प्रत्येक तंत्रज्ञाचं लॉगिन वेगळं, पासवर्डसोबत ओटीपी, कोणी काय बदललं याची नोंद राहते, काम सोडलेल्याचं लॉगिन त्याच दिवशी बंद. लॉगिनचं पान इंटरनेटवर उघडं नाही. मॅनेजरचा बॅकअप दर आठवड्याला, कुलूपबंद, दुसऱ्या इमारतीत. प्रत्येक ग्राहकाचा कप्पा वेगळा, एकाला दुसऱ्याचं काही दिसत नाही.

आणि आम्हाला काय दिसतं? कोणत्या यंत्रावरून, किती वाजता, कोणत्या साइटवर गेले आणि किती डेटा गेला-आला. तुमच्या टॅलीतले आकडे किंवा मेलमधला मजकूर दिसत नाही. कुलूपबंद (https असलेल्या) वेबसाइटच्या आतलं तपासण्याची सोय बॉक्समध्ये असते, पण तुमच्या लेखी परवानगीशिवाय ती चालू होत नाही आणि बँकेच्या साइट तिच्यातून कायम वगळलेल्या असतात.

या नोंदी आम्ही १८० दिवस ठेवतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत तेवढी मुदत आहे. घुसखोरीसारखा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं असंही त्यात आहे. म्हणून काही विचित्र दिसलं, फायलींची नावं बदलली, पैसे मागणारी पाटी आली, तर सोमवारची वाट बघू नका. यंत्राची नेटवर्क वायर काढा, यंत्र बंद करू नका, आणि आम्हाला रात्रीही उठवा.

ऊन, रुई आणि वीज

छोट्या फायरवॉलच्या माहितीपत्रकात सहसा ० ते ४० अंश असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ च्या वर जातं. टिनाखालच्या केबिनमध्ये, बंद लोखंडी पेटीत किती होत असेल ते तुम्हीच बघा. आमच्याकडे दुरुस्तीला आलेले जास्तीत जास्त बॉक्स हॅकरनं नाही, उन्हानं मारलेले आहेत. पेटीला जाळी ठेवा, खाली-वर हवा खेळू द्या, पेटी पश्चिमेच्या भिंतीवर लावू नका. जिनिंगमध्ये उडणारी रुई जाळीत आणि पंख्यात बसते. हंगामात दर पंधरा दिवसांनी ब्लोअर मारा, बॉक्स बंद करून.

मृगाच्या आधी अर्थिंग तपासून घ्या आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकत जा. कोरड्या मातीत अर्थिंग नावापुरतंच उरतं. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत उघड्यावरून नेलेली तांब्याची नेटवर्क केबल वीज पडली की दोन्हीकडचे बॉक्स घेऊन जाते. तिथे फायबर टाका.

तरी जळलाच तर केंद्रीय मॅनेजर खरा कामाला येतो. तुमचे नियम आमच्याकडे आहेतच. त्याच मॉडेलचा बदली बॉक्स आम्ही एसटीच्या पार्सलनं पाठवतो, मॅनेजरमध्ये जुन्याच्या जागी नवा सिरीयल नंबर टाकतो. तुमच्या माणसानं दोन वायरी लावल्या की बॉक्स आमच्याकडून सगळे नियम ओढून घेतो. पूर्वी याच कामाला आमचा माणूस आणि त्याचा अख्खा दिवस लागायचा.

हंगामात काय करत नाही

दसऱ्यापासून होळीपर्यंत जिनिंगवाल्यांच्या बॉक्सचं फर्मवेअर (बॉक्सच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलत नाही, तातडीची सुरक्षा दुरुस्ती सोडून. पतसंस्थांचं मार्चमध्ये नाही. एरवी ते रात्री होतं, एक शाखा आधी. बॉक्स पाच-दहा मिनिटं बंद राहतो, आणि आदल्या दिवशी मेसेज येतो.

वार्षिक वर्गणी संपली तर लिहिलेले नियम चालू राहतात, पण व्हायरस आणि घुसखोरी ओळखण्याची यादी ताजी होणं थांबतं. आमचं काम सोडायचं ठरवलंत तर पासवर्ड आणि नियमांची शेवटची प्रत तुमच्या हातात देऊन बॉक्स आमच्या यादीतून काढतो. तो तुमचाच आहे, पुढेही चालत राहतो.

फोन करताना बॉक्सच्या खालच्या पांढऱ्या स्टिकरवरचा सिरीयल नंबर आणि समोरच्या दिव्यांचा रंग सांगा. आमचा नंबर पेटीच्या दाराला आतून चिकटवला आहे. पुसट झाला असेल तर नवीन स्टिकर या पत्रकासोबत आहे.