काळ्या मातीवर सातशे लिटर समुद्र

सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच काचेची टाकी काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे 680 लिटर पाणी बसतं. खारं पाणी गोड्यापेक्षा थोडं जड, त्यामुळे त्याचं वजन होतं सातशे किलोच्या आसपास. 12 मिलिमीटरच्या काचेचे सव्वाशे किलो धरा. दगड-वाळूचे शंभर-सव्वाशे आणि खालच्या सम्पचं, म्हणजे गाळणीच्या टाकीचं पाणी वेगळं. हिशेब सहज एक टनावर जातो. घरात समुद्र आणायचं ठरवणारे लोक मासे आणि प्रवाळांच्या फोटोंवर महिनोन्‌महिने काढतात आणि हा टन कशावर उभा राहणार, याचा विचार शेवटच्या आठवड्यात करतात. किनाऱ्यापासून पाचेकशे किलोमीटर आत, वऱ्हाडातल्या गावात हे करायचं असेल, तर माझ्या मते क्रम उलटा हवा. आधी माती, मग हवा, मग पाणी. माशांचा नंबर शेवटी.

काचेपासून सुरुवात करू. पाण्याचा दाब खोलीवर ठरतो, टाकीच्या रुंदीवर नाही. दोन फूट रुंदीची टाकी चार फूट रुंद केली तरी समोरच्या काचेवरचा रेटा तेवढाच राहतो. उंची वाढली की मात्र रेटा उंचीच्या वर्गाने वाढतो. दोन फूट पाण्याला सहा फुटी काचेवर साधारण साडेतीनशे किलोचा रेटा येतो, तीन फुटांना त्याच्या सव्वादोन पट. काच वाकवण्याचा जोर तर त्याहूनही झपाट्याने चढतो. म्हणून मोठी टाकी हवी असेल तर ती रुंद करा. उंच टाकी बैठकीत शोभते, पण तळापर्यंत हात पोहोचत नाही आणि उजेडही कमी पोहोचतो.

स्टँड बनवायला तालुक्याच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलात की तो छातीठोकपणे सांगेल, “याच्यावर ट्रॅक्टर उभा राहते, काही होत नाही.” खरं आहे त्याचं. 50 बाय 50 चा, 3 मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप उभा ठेवला तर एकटा जवळपास दहा टन पेलतो. पायांची चिंताच नको. भीती दुसऱ्या दोन गोष्टींची. पहिली म्हणजे वरच्या आडव्या पाइपाचं झुकणं. सारखा पसरलेला भार असेल तेव्हा दोन टेकूंमधलं अंतर दुप्पट केलं की झुकणं सोळापट होतं. सहा फुटांच्या मध्यावर पायांची आणखी एक जोडी दिली, तर तोच पाइप पुरून उरतो. जाड पाइप घेण्यापेक्षा हे स्वस्त.

दुसरी भीती स्टँड बाजूला कलंडण्याची. चार पाय आणि चार आडवे यांचा चौकोन वेल्डिंग कितीही चांगलं असलं तरी बाजूच्या धक्क्याने तिरपा व्हायला बघतो. त्रिकोणाच्या बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्याचा आकार बदलता येत नाही. म्हणून मागच्या बाजूला आणि दोन्ही अंगांना एकेक तिरपी पट्टी हवीच. समोरची बाजू सम्पमध्ये हात घालायला मोकळी ठेवा. रंग मात्र स्वस्तातला नको. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड लोखंडाचं वैरी आहे, तेव्हा जस्ताचा प्रायमर आणि वर इपॉक्सी. पाइपांची तोंडं बंद करायला वेल्डर विसरतात, आणि गंज आतूनच सुरू होतो.

आता माती. आपली काळी माती बेसाल्टच्या झिजेतून तयार झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज भरपूर. त्याच्या पातळ थरांच्या मध्ये पाणी शिरतं आणि थर एकमेकांपासून लांब जातात. पावसाळ्यात जमीन फुगते, एप्रिलपर्यंत आटते आणि पायाचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. घरांच्या भिंती दाराच्या कोपऱ्यापासून तिरप्या तडकतात त्या याच हालचालीने. जुन्या लोकांनी गावठाण पांढरीवर वसवलं आणि काळी शेतीला ठेवली. आता गावाबाहेरच्या प्लॉटवर, म्हणजे थेट शेतातल्या मातीवर घरं उठतात.

टाकीला या हालचालीचं एक रूप चालतं, दुसरं चालत नाही. सगळी टाकी मिळून दोन-तीन मिलिमीटर कलली, तर पाण्याची रेघ तिरपी दिसते, एवढंच. पण एकच कोपरा तेवढा खचला, तर टाकी पिळवटते. काच दाब सोसते, ताण सोसत नाही. तिच्या पृष्ठभागावर न दिसणाऱ्या बारीक चिरा असतात आणि ताण नेमका तिथे जमतो. तेव्हा पाया करताना प्रश्न जमीन हलेल का, हा नाही. हलली तर सगळी एकत्र हलेल का, हा आहे. स्टँडच्या जागेपुरती फरशी काढायची, काळी माती मुरूम लागेपर्यंत उपसायची, खड्डा मुरमाने थराथराने भरायचा, प्रत्येक थर पाणी मारून कुटायचा आणि वर सळ्या घालून सहा इंचांचा एकच अखंड स्लॅब टाकायचा. भोवतीच्या फरशीशी तो जोडायचा नाही. मुरूम फार खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल हा मार्ग आहे. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तो अशाच मातीसाठी विकसित केला. त्यात खांबाचं टोक खाली फुगीर करून, माती हलत नाही त्या खोलीवर रोवतात. न्हाणीच्या भिंतीला लागून टाकी कधीही ठेवू नका, तिथली माती एका बाजूने बारा महिने ओली असते.

गंमत म्हणजे या स्लॅबच्या सिमेंटसाठी चंद्रपूर जिल्ह्यात जी चुनखडी खणली जाते, ती समुद्रातच साचलेली आहे. प्रवाळच काय, मासेही पृथ्वीवर नव्हते तेव्हाच्या समुद्रात.

पाण्याबद्दल हमखास एक प्रश्न येतो. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या पूर्णा खोऱ्यात खारपाणपट्टा आहेच, मग बोअरचंच पाणी का नाही वापरायचं? कारण सगळा खारेपणा एका जातीचा नसतो. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. त्यात सोडियम आणि क्लोराइड मिळून 86 टक्के, उरलेल्यात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम. हे प्रमाण जगातल्या सगळ्या महासागरांत जवळपास सारखं आहे आणि प्रवाळांची शरीरं त्यालाच सरावलेली आहेत. बोअरच्या पाण्यात प्रमाण वेगळं, शिवाय खतांतून झिरपलेलं नायट्रेट असू शकतं, म्हणजे शेवाळाला मेजवानी. म्हणून पाणी आधी आरओतून, मग डीआय रेझिनमधून, म्हणजे उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांतून काढून जवळजवळ शून्य टीडीएसवर आणायचं आणि त्यात रीफसाठीचं, म्हणजे प्रवाळांच्या टाकीसाठीचं तयार मीठ मिसळायचं, सातशे लिटरला सुमारे 25 किलो. स्वयंपाकाच्या मिठात सोडियम क्लोराइडशिवाय फारसं काही नसतं, त्यामुळे ते इथे निरुपयोगी.

आणि मग उन्हाळा. खडक बांधणाऱ्या प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि प्रवाळाचं बहुतेक अन्न तेच बनवतं. समुद्राचं पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाच्या एखादा अंश वर जाऊन काही आठवडे राहिलं, की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. टाकीत 25 ते 27 अंश ठेवायचे आणि बाहेर मे महिन्यात पंचेचाळीस. सगळे घाबरतात ते मे महिन्याला. मला जास्त धास्ती जूनच्या शेवटच्या पंधरवड्याची वाटते.

याचं कारण घराघरातल्या कूलरमध्येच आहे. पाण्याची वाफ होताना उष्णता लागते, लिटरमागे सुमारे 24 लाख ज्यूल, म्हणजे विजेच्या मापात युनिटाचा दोन तृतीयांश. सम्पवर साधे पंखे लावले आणि दिवसाला दहा लिटर पाणी उडालं, तर टाकीतून साडेसहा युनिटांहून जास्त उष्णता निघून गेली. पण बाष्पीभवनाने पाणी किती थंड होणार याला मर्यादा आहे. थर्मामीटरच्या बल्बला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की पारा जिथे थांबतो, ती ही मर्यादा. मे महिन्यात 45 अंश आणि 15 टक्के आर्द्रता असेल तर ती येते 23-24 अंशांवर. म्हणजे नुसत्या पंख्यांनीही टाकी वाचू शकते. जूनमध्ये पावसाची एखादी सर येऊन जाते, पारा 36 वर उतरतो, लोक सुटकेचा निःश्वास टाकतात, पण आर्द्रता 60 टक्के होते आणि हीच मर्यादा 29 अंशांवर चढते. अंग चिकचिक करतं आणि कूलर नुसती दमट हवा फेकतो, ते याच कारणाने. त्या दिवसांत कितीही पंखे लावा, पाणी 29 च्या खाली जाणार नाही. त्यासाठी कंप्रेसरवाला चिलर लागतो आणि तो ओसरीत ठेवावा लागतो, कारण टाकीतून काढलेली उष्णता तो खोलीतच ओततो. चिलरचं बजेट नसेल तर खडक बांधणाऱ्या प्रवाळांचा नाद सोडावा, असं मी स्पष्टच म्हणेन.

उडून जातं ते निव्वळ पाणी, मीठ मागेच राहतं. दहा लिटरची रोजची तूट आठवडाभर भरली नाही, तर क्षारता 35 वरून 39 च्या घरात जाते. कूलरच्या टाकीत असतो तसाच फ्लोट सम्पमध्ये लावून गोडं आरओ पाणी आपोआप पडू द्यावं. इथे एक सोयीचा योग आहे. सांगाडा बांधायला प्रवाळ पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट ओढून घेतं, आणि शुद्ध चुन्याची निवळी दोन्हींची भरपाई करते. तूट भरून काढणाऱ्या त्या आरओ पाण्यात ती मिसळता येते. फक्त तिचा सामू 12 च्या पुढे, तेव्हा थेंबाथेंबानेच, आणि शक्यतो रात्री. पानाचा चुना नको.

भारनियमन हा नेहमीचा पाहुणा. वीज गेली की पंप थांबतो आणि वरच्या टाकीतलं पाणी सम्पमध्ये उतरतं. सहा बाय दोनच्या टाकीत पातळी एक इंच उतरली म्हणजे 28 लिटर, तेव्हा सम्पमध्ये तेवढी जागा कायम रिकामी हवी. कोमट खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो, लिटरला साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणून पाणी फार वेळ थांबू देऊ नये. बॅटरीवर चालणारा 24 व्होल्टचा पंप इन्व्हर्टरपेक्षा जास्त वेळ तग धरतो.

कायद्याचं थोडक्यात: भारतीय समुद्रातली खडक बांधणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्याच रांगेत. समुद्रातून ती काढणं गुन्हा आहे. दगड कृत्रिम घ्यावेत, विक्रेत्याकडे कागदपत्रं मागावीत, आणि क्लाउनफिश पैदास केंद्रातलेच घ्यावेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र भारतातच बसवलं आहे.

वेळापत्रक विचाराल तर पाया एप्रिलमध्ये, माती पूर्ण आटलेली असताना घालावा आणि एक पावसाळा त्याच्यावरून जाऊ द्यावा. दसऱ्याला गवंड्याची पाण्याची नळी लावून स्लॅबचे चारही कोपरे तपासावेत. पातळी एका सपाटीत असेल तर स्टँड चढवावा, त्यावर थर्माकोल, मग टाकी. दिवाळीनंतर खारं पाणी भरून, हीटर लावून, माशांच्या मलमूत्रातून येणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू वाढू द्यावेत. त्यांना चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की संक्रांतीच्या सुमारास क्लाउनफिशची पहिली जोडी सोडता येते.